हातरुमालाआडचा दात

कारागीर,

तुमची भाची मला म्हणाली, "बाई, मामाबद्दल चार पानं लिहून द्या ना, तुम्हीच त्यांना जास्त ओळखायचात." मी म्हटलं, मी त्यांना ओळखत वगैरे काही नव्हते, मी त्यांनी केलेले दात घालते इतकंच. ती हसली. तिला वाटलं, म्हातारी विनोद करतेय. मग लिहायला बसले, आणि "त्यांचा जन्म अमुक साली झाला" या पहिल्याच वाक्याला माझी चिडचिड झाली. तुम्ही कुठल्या साली जन्मलात याच्याशी कुणाला काय करायचंय? म्हणून हे सरळ तुम्हालाच लिहिते. जे तुम्हाला ठाऊक आहे तेही लिहीन, कारण वाचणाऱ्यांना ते ठाऊक नाही. मध्येच कंटाळा आला तर सोसा. उठून जायची सोय आता तुम्हाला नाही.

तुमच्या खोलीला कुलूप लागून पाच महिने झाले. तळमजल्यावर तुम्ही, पहिल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, दुसऱ्यावर मी. फिरायला निघाले की तुमच्या दारापाशी अजून गरम मेणाचा वास येतो. डॉक्टर म्हणतात, भिंतीत मुरलाय. मी चाळीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. मुरलेला वास दिवसागणिक उतरला पाहिजे. हा उतरत नाही. आणि सकाळी दहाच्या सुमारास, ज्या वेळी तुमच्याकडे पेशंट यायचे त्या वेळी, आतून कुणीतरी आकडे म्हणतंय असं वाटतं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. मी थांबते, कान देते, आणि मग स्वतःलाच एक शिवी हासडून पुढे चालू लागते.

आकडे कसले, ते सांगायला हवं. तुम्ही कवळ्या करायचात. डॉक्टर वर हिरड्यांचं माप घेणार आणि खाली तुम्ही त्यावर प्लास्टर ओतून माणसाचा रिकामा जबडा उभा करणार. मग गुलाबी मेणाची पट्टी, आणि त्या पट्टीत एकेक दात, तापवलेल्या बारीक सुरीने जागा करून रोवलेला. लोकांना वाटतं कवळी म्हणजे साचा, ओतली की झाली. तुमच्या टेबलाशी अर्धा तास बसल्यावर मला कळलं की गवंड्याने भिंत बांधावी तसे तुम्ही एक तोंड बांधताय. पक्की करायच्या आधी मेणातली कवळी पेशंटच्या तोंडात घालून त्याला खाली पाठवायचे. तुम्ही त्याला मागच्या खुर्चीत बसवून स्वतः त्याच्याकडे पाठ करायचात आणि म्हणायचात, "म्हणा. साठपासून सत्तरपर्यंत."

मी आले तेव्हा मीही विचारलं होतं, "पाठ का करताय? मी काय इतकी भयंकर दिसतेय?"

"तसं नाही, बाई. दाताकडे बघितलं की माणूस तोंड आवळतो. दिसायचं काम वर डॉक्टरांच्या आरशाचं. मी ऐकतो. पासष्टला शीळ वाजली की समजायचं, वरचे दात केसभर पुढे आलेत."

"आणि नाही वाजली तर?"

"तर चहा सांगतो."

माझ्या पासष्टला शीळ वाजली, सदुसष्टलाही वाजली. तुम्ही चहा सांगितला नाहीत. तीन वेळा खालीवर केलं मला, बहात्तर वर्षांच्या बाईला! चौथ्यांदा मी साठ ते सत्तर एका दमात म्हटलं, आणि तुम्ही पाठमोरेच म्हणालात, "आता हे दात तुमचे."

ते खरं नव्हतं. पण ते पुढे.

तुम्ही मला पहिल्या महिन्याचे जे नियम सांगितलेत ते कुठल्या पुस्तकात नाहीत. काहीही खाल ते नखाएवढं करून खा. एका बाजूने चावू नका, कवळी होडीसारखी डुलते. रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, जिभेला नवीन घर कळू द्या. झोपताना काढून साध्या पाण्यात ठेवा, गरम पाण्यात घातलीत तर वाकडी होईल आणि माझ्या नावाने बोंबलाल. सफरचंद सहा महिन्यांनी. मी साडेचार महिन्यांनी खाल्लं. स्वयंपाकघरात उभी राहून, सालीसकट. त्या आवाजाचं सुख काय सांगू! दोन वर्षं मी नुसतं गिळत होते. पहिला तुकडा तुटला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझ्या घराची बंद खिडकी उघडली. ते सुख तुम्ही मला दिलंत, हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. "ठीक आहेत दात" एवढंच म्हणाले.

आता तुमच्या बायकोबद्दल. इमारतीत सगळे तिला हातरुमाल म्हणायचे, पाठीमागे. तिलाही ठाऊक होतं. शर्टांच्या कारखान्यातून गठ्ठे आणून ती घरी काजं-बटणं करायची, आणि हसायची वेळ आली की कमरेचा रुमाल तोंडावर. तिचा वरच्या ओळीतला एक दात फिरलेला होता. समोरच्या दोघांच्या शेजारचा, तिच्या डावीकडचा. कुणीतरी दार लोटायचं अर्धवट विसरून गेलं असावं, तसा. सगळ्या गावाचे दात सरळ करणाऱ्याच्या घरात हा असला दात म्हणजे थट्टाच. तुम्ही तिला कितीदा म्हणालात की डॉक्टरांकडून तो घासून वर खोट्या दाताची टोपी घालून घेऊ. ती म्हणायची, "राहू द्या हो, घरात एक तरी दात तुमच्या हातचा नसलेला असू दे."

रुमालाशिवाय तिला हसताना मी एकदाच पाहिलं. ती इमारतीच्या दारातल्या पायऱ्या चढत होती, दोन्ही हातांवर हनुवटीपर्यंत शर्टांचा गठ्ठा. मी म्हटलं, "अगं, एवढे शर्ट! नवरा एक आहे की पलटण?" आणि ती हसली. हात मोकळे नव्हते. काय हसली ती! सगळा चेहरा त्या एका दाताकडे कलला, जसं काही तिथूनच उजेड येतोय. मग भानावर आली आणि चेहरा शर्टांत खुपसून आत पळाली. असं हसणं झाकून ठेवायला तिला कुणी शिकवलं कोण जाणे. कुणीतरी लहानपणी चिडवलं असणार. ते एक वाक्य बोलून विसरलं असेल, आणि हिने जन्मभर रुमाल धुतले.

नऊ वर्षांपूर्वी थंडीत तिच्या छातीत कफ झाला. "जाईल आपोआप," म्हणत तिने दहा दिवस काढले, कारण कारखान्याचा माल द्यायचा होता. मग आठ दिवस हॉस्पिटल. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. ती गेली आणि तो काढला, तेव्हा तुम्ही खिडकीकडे वळलात. मी तिथे होते, म्हणून मला ठाऊक आहे.

त्यानंतर तीन वर्षांनी माझी कवळी झाली. एकदा तुम्ही ती घासत होतात आणि मी समोर बोळकं घेऊन बसले होते. तुम्ही मशीन थांबवलंत.

"बाई, एक विचारू? माणूस गेल्यावर चेहरा किती दिवस टिकतो?"

"कुठे?"

"डोक्यात."

"ज्याच्या त्याच्या डोक्यावर आहे. का?"

"तिचे डोळे आठवतात. नाक आठवतं. कपाळावरचा तीळ आठवतो. खालचं आठवत नाही. तिथे रुमाल दिसतो, नाहीतर तो मास्क. माझ्यासमोर ती रुमाल धरायची नाही हो. तीस वर्षं रोज बघितलं मी तिला हसताना. आणि आता डोळे मिटले की रुमाल."

"फोटो काढा की बाहेर."

"सगळे बघितले. एकात रुमाल. बाकीच्यांत तोंड मिटलेलं."

एवढा मोठा माणूस हातात माझे दात घेऊन बसला होता आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "विसरलात तर विसरलात. जगायला सोपं जातं." तुम्ही मान हलवलीत आणि मशीन सुरू केलंत. हे वाक्य मला परत घेता आलं तर मी त्या बदल्यात सगळी सफरचंदं देईन.

त्यानंतर पाच वर्षं मी ते दात घातले, घासले, पाण्यात ठेवले, आणि मला काही दिसलं नाही. आपण आरशात केस बघतो, कुंकू-टिकली बघतो, हसून कोण बघतं? मग एका सकाळी मी वेणी घालत होते आणि रेडिओवर कुणीतरी हवामानाचा अंदाज सांगताना स्वतःच शिंकलं. मला हसू फुटलं. आरशातून हातरुमाल माझ्याकडे बघून हसली.

कंगवा खाली पडला. पुन्हा बघितलं तेव्हा मीच होते, तोंड वासून उभी. मी स्वतःची समजूत घातली. आरशात बाजू उलटी दिसते. तिचा दात बघणाऱ्याच्या उजवीकडे होता, हा आरशात डावीकडे दिसतोय, म्हणजे हा तो नव्हे. हे विज्ञान मी बारा दिवस धरून ठेवलं.

तेराव्या दिवशी रक्ततपासणीच्या रांगेत निवृत्त पोस्टमन शेजारी बसले होते. उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं आणि ते बिचारे घरून चहा पिऊन आले होते. नर्सने झापलं. मी म्हटलं, "चहाची साखर रक्तात जायला वेळ लागतो म्हणावं, आपल्या टपालासारखी." ते माझ्याकडे वळून हसले. समोरासमोर. उजवीकडे. दाढीचे खुंट, नाकावर चष्मा, आणि त्याखाली तुमची बायको.

मग ती सगळीकडे दिसायला लागली. औषधवाल्याची आई सुट्टे मोजता मोजता हसली, ती. पावाच्या दुकानाचा मालक, त्या झुपकेदार मिशांखाली, ती. बागेतल्या बाकावर दोन म्हाताऱ्या एकमेकींना काहीतरी सांगत होत्या, दोघींच्या तोंडात ती, जणू ती स्वतःशीच बोलत बसलीय. त्या दिवशी मी फेरी अर्धी टाकून घरी आले. लोकांशी थट्टा करायची माझी जुनी खोड. ती मी सोडली. कुणाला हसवायची मला भीती वाटायला लागली, कारण हसणारं कोण असेल ते सांगता येत नव्हतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण जी बाई आयुष्यभर तोंड झाकून राहिली ती मेल्यावर पोस्टमनच्या तोंडून हसते, याला दुसरं काय म्हणायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आणि मग, या सगळ्यांच्या कवळ्या तुमच्याच हातच्या हे ध्यानात आल्यावर, मला आनंद झाला, हेही लिहिते. वाटलं, कारागीर, तुम्ही जे हरवून बसलात ते गावभर पडलंय! तुम्ही पाठ करून बसता म्हणून तुम्हाला दिसलं नाही. डॉक्टर ती गेल्यानंतर इथे आल्या, त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं. बाकीच्यांनी पाहिला तो रुमाल. ओळखणारी मी एकटी. जिन्यावर ठरवलं होतं की हळूहळू सांगायचं. पण तुम्हाला माहीत आहे, माझ्या जिभेला हाड नाही. दारातूनच म्हणाले, "कारागीर, तुमची बायको गावभर हसत फिरतेय आणि तुम्ही इथे भिंतीकडे तोंड करून बसलाय."

तुम्ही सुरी खाली ठेवलीत. मी सगळं सांगितलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बाई, एखादा दात कलताच ठेवतात. सगळे एका रांगेत लावले की खोटे दिसतात. प्रत्येक कारागीर ठेवतो."

"कधी माणसाच्या स्वतःच्या उजवीकडचा ठेवत असतील, कधी डावीकडचा, कधी खालचा. तुम्ही उजवीकडचा शेवटचा कधी ठेवलात?"

तुमची एक सवय होती. प्रत्येक पूर्ण कवळीचा प्लास्टरचा ठसा काढून फळीवर ठेवायचात, तळाला पेन्सिलीने तारीख. उद्या कवळी फुटली तर माप शोधत बसायला नको. तुम्ही उठलात, फळीवरचे ठसे काढलेत आणि टेबलावर तारखेने मांडलेत. टेबल भरलं, तेव्हा खाली फरशीवर. मी उभ्याने बघत होते. जुने ठसे म्हणजे पन्नास जणांची पन्नास तोंडं. कुणाचा उजवा कललेला, कुणाचा खालचा पुढे आलेला, कुणाच्या समोरच्या दोघांत फट. मग ती नऊ वर्षांपूर्वीची थंडी. आणि तिच्या अलीकडचा प्रत्येक, प्रत्येक ठसा एकाच बाजूला, एकाच कोनात, दार अर्धवट लोटलेलं. फरशीवरून पांढऱ्या प्लास्टरच्या चाळीस-बेचाळीस बायका तुमच्याकडे बघून हसत होत्या.

तुमच्या डोक्यातून ती पुसली गेली होती. हातातून गेली नव्हती.

मला वाटलं तुम्ही आता धावत सुटाल. पोस्टमनकडे जाल, पाववाल्याकडे जाल. तुम्ही फरशीवर बसलात.

"तिने जन्मभर झाकलं, बाई. आणि मी तिला बसस्टॉपवर उभी केली."

"अहो, कुणाला ठाऊक आहे त्यातलं?"

"मला झालं ना ठाऊक आता."

"आधी बघून तरी या! तुम्हीच म्हणत होतात ना, आठवत नाही म्हणून?"

"तिची परवानगी नाही त्याला."

मेलेल्या माणसाची परवानगी मागायला कुठल्या कचेरीत जायचं? मी चिडून वर आले.

तुम्ही डॉक्टरांकडून सगळ्या पेशंटना निरोप धाडलेत, की कवळीत एक दुरुस्ती राहिलीय, घेऊन या. डॉक्टर म्हणाल्या, कुणाची तक्रार नाही, कशाला उकरून काढताय. तुम्ही ऐकलं नाहीत. लोक आले, आणि बरेचसे कुरकुरत आले. पोस्टमन तर भांडले. "चांगला होता की दात! घरची म्हणते, त्याने मी जरा खट्याळ दिसतो. या वयात खट्याळ दिसायला आणखी काय मिळणार मला?" तुम्ही हात जोडलेत म्हणून त्यांनी दिली. तुम्ही तो दात घासून उखडायचात, नवा सरळ बसवायचात, गुलाबी भुकटीने भोवतीची हिरडी बुजवायचात. सबंध हिवाळा तेच काम. दुपारी मी घरात बसले की खालून त्या मशीनचा आवाज यायचा, आणि प्रत्येक आवाजाबरोबर गावातून एक हसू कमी व्हायचं. बागेतल्या बाकावर आता दोन म्हाताऱ्या बसायच्या. नुसत्या दोन म्हाताऱ्या. मला हायसं वाटायला हवं होतं.

त्या मशीनची पांढरी धूळ तुमच्या भुवयांवर बसलेली असायची. खोकला लागला होता. डॉक्टरांनी तोंडाला लावायचे मास्क दिले, अख्खा खोका. तो तुम्ही फोडला नाहीत. का, ते मला कळत होतं. म्हणून मी गप्प बसले. आयुष्यात जिथे तोंड उघडायचं तिथे मी गप्प बसले आणि नको तिथे उघडलं.

एकदा कवळीची कड टोचत होती म्हणून आले तर तुम्ही तिच्या बटणांची डबी उघडून बसला होतात. आत उखडलेले दात. मी विचारलं, "हे कशाला जपताय?"

"वाटलं, काही दिसेल." तुम्ही एक उचलून बोटावर धरलात. "पण काढला की हा सरळच असतो, बाई. तिरका दिसायला शेजारी लागतात."

तुमच्या चेहऱ्याकडे बघून मला समजलं की तुम्हाला ते आत्ता, सगळं संपत आल्यावर उमगलंय. माणसं कवळी काढून तुमच्या हातात द्यायची, आणि हातातली कवळी हसत नाही. फळीवरचे ठसे तर तुम्ही फरशीवर मांडलेत त्याच आठवड्यात फोडून टाकले होतेत. एकेचाळीस वेळा ती तुमच्या दारात आली आणि एकेचाळीस वेळा तुम्ही तिला न बघता परत पाठवलंत.

"किती राहिले?" मी विचारलं.

"एक. तुमचा."

"माझा मी देणार नाही. सवय झालीय मला." मी सवयीचं नाव सांगितलं. खरं कारण मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं.

तुम्ही आग्रह केला नाहीत. टोचणारी कड घासून दिलीत आणि नेहमीसारखी पाठ करून म्हणालात, "म्हणा." मी म्हटले. एकोणसत्तरपाशी तुमचा खोकला सुरू झाला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी दुपारी दारावर टकटक झाली. तुम्ही होतात. इतक्या वर्षांत तुम्ही दुसरा मजला कधी चढला नव्हतात. कठडा धरून उभे, छाती भात्यासारखी हलतेय. मी म्हटलं, "अहो, हाक मारायची खालून! मी काय बहिरी झालेय का?" पाणी दिलं. तुम्ही अर्धा पेला प्यालात, पुसून टेबलावर ठेवलात.

"बाई, उद्या सकाळी जरा खाली याल? नऊच्या आत. तेव्हा खिडकीत उजेड चांगला असतो."

"कवळी मी द्यायची नाही, सांगितलंय एकदा."

"नको, नको. घालूनच या." मग माझ्या दाराच्या कडीकडे बघत म्हणालात, "एकदा हसून दाखवाल का? मी पाठ करणार नाही."

"आणि तिची परवानगी?"

"मागितली," तुम्ही म्हणालात. "तीन दिवस मागत होतो. नाही म्हणाली नाही."

कारागीर, दुसरी कुठलीही बाई असती तर तिथल्या तिथे हसली असती. रडत हसली असती, पण हसली असती. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "मागणीवर हसायला मी काय सर्कशीत आहे? आणि उद्या माझं डोळ्याच्या डॉक्टरांकडे काम आहे. परवा येते." तुम्ही म्हणालात, "या सवडीने." जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबत होतात. मी दार लावून घेतलं.

डोळ्याच्या डॉक्टरांकडे काम होतं हे खरं. पण ते अकराला होतं. नऊला मला मोकळा वेळ होता. त्या नऊला मी आरशासमोर उभी होते आणि हसून बघत होते. आरशात एक म्हातारी दात विचकत होती. पुन्हा केलं. पुन्हा म्हातारी. हातरुमाल येईना. इतके महिने जिला भीत होते ती आता बोलावून येत नव्हती. अशी कशी जाऊ मी तुमच्यासमोर? तुम्ही एवढे खिडकीत उजेड धरून बसणार, आणि मी काय दाखवणार, माकडाचं तोंड? म्हटलं, परवा. परवाही तेच. त्यानंतर एक दिवस रेडिओ लावून बसले, कुणीतरी काहीतरी गमतीचं बोलेल म्हणून. बाजारभाव सांगत होते.

चौथ्या दिवशी डॉक्टरांना तुम्ही टेबलावर डोकं टेकून बसलेले सापडलात. श्वास लागला होता. त्यांनीच गाडीत घालून नेलं. तिथून भाचीने तिच्या गावच्या हॉस्पिटलात हलवलं, बसने दोन तासांवर. दोन तास म्हणजे काही परदेश नव्हे. मी बसचं वेळापत्रक काढून ठेवलं होतं. पण वाटलं, हॉस्पिटलात खाटेशी उभं राहून हसायचं? तिथे नर्सा, तिथे इतर पेशंट. तिथे तुमच्याच तोंडावर मास्क. तिथे ती यायची नाही. घरी आलात की नीट करू.

शुक्रवारी भाचीला फोन केला. म्हणाली, "मामा झोपलेत, बाई. आज बरं आहे. रात्रभर आकडे मोजत होते. डॉक्टर म्हणतात, सोमवारी घरी न्या." मी म्हटलं, "जागे झाले की त्यांना सांग, सोमवारी सकाळी नऊच्या आत मी खाली येते. काय समजायचं ते समजतील." ती म्हणाली, "सांगते."

रविवारी पहाटे तुम्ही गेलात.

भाची त्यानंतर तीनदा येऊन गेली. खोली आवरायची राहिलीय, किल्ली माझ्याकडे देऊन ठेवलीय. दर वेळी चहा घेते, तुमच्याबद्दल बोलते, चार पानांची आठवण करते. तिने शुक्रवारी तो निरोप तुम्हाला दिला का, एवढं एक तिला विचारायचंय. अजून विचारलेलं नाही.